घराची निवड : धर्माबाद ते किल्लारी

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण महाराष्ट्रांत ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. या दोन कामांत माणसाच्या पैशाची, धीराची आणि आप्तेष्टांची कसोटी लागते, असा तिचा आशय. परंतु ही म्हण घर बांधण्याविषयीं बोलते, घर विकत घेण्याविषयीं बोलत नाहीं. दोन घरें समोर आहेत, दोहोंची किंमत सारखीच परवडणारी आहे, आणि नवराबायकोंनीं त्यांतून एक निवडावयाचें आहे, हा प्रसंग ज्या समाजानें ही म्हण घडविली त्याच्या फारसा परिचयाचा नव्हता. तो प्रसंग केव्हां आला, कोणत्या वाटेनें आला, आणि आल्यावर त्या दोघांनीं आपापल्या मनांत कोणते हिशेब मांडले, हें पाहण्यास मराठवाड्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण गेल्या सव्वाशे वर्षांत तेथील कुटुंबांना हा प्रश्न कधीं बाजाराच्या ओढीनें, कधीं भयानें, आणि एकदां धरणीकंपानें सोडवावयास लावला.

आरंभ धर्माबादपासून करणें सोयीचें आहे. धर्माबाद हें नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील गांव. गोदावरी तेथून जवळ वाहते. थोडें पुढें गेलें कीं तेलंगणाची हद्द लागते, आणि हद्दीपलीकडे बासरचें सरस्वतीचें देऊळ आहे. गांवच्या बाजारांत मराठी, तेलुगु आणि उर्दू या तिन्ही भाषा कानीं पडतात. लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून त्याचा लौकिक दूरवर गेलेला आहे. हें गांव पूर्वीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. १९०० च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यांतून तयार झाला, त्यावर धर्माबादचें स्टेशन आलें, आणि घराच्या प्रश्नाला येथून नवें वळण लागलें.

त्यापूर्वीं मराठवाड्यांतील खेडुताला घराची निवड करण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. ती निवड त्याच्या जन्मापूर्वीं होऊन गेलेली असे. गांवाचे दोन भाग मानीत. पिकाची जमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. पांढरीच्या उंचवट्यावर पाटलाची गढी, तिच्या आसपास वतनदारांचे वाडे, पुढें जातीजातींच्या गल्ल्या, आणि वेशीबाहेर अस्पृश्य मानलेल्या लोकांची वस्ती, अशी मांडणी ठरलेली. कोणी कोणत्या गल्लींत रहावें याचा निर्णय पैशानें होत नसे. पुरुषाला घर मिळे तें वडिलांकडून, आणि स्त्रीला मिळे तें लग्नानें. ती ज्या उंबरठ्यावरचें माप ओलांडून आंत येई, तो उंबरठा तिनें पूर्वीं पाहिलेलाही नसे. वाटण्या झाल्या कीं एका वाड्याचे दोन, दोहोंचे चार होत, चौकांत भिंत उभी राही, विहीर मात्र सामाईक राही. घराच्या बाबतींत पतिपत्नींमध्यें मतभेद होण्यास जागाच नव्हती, कारण मत देण्याचा प्रसंगच नव्हता.

हें घर बहुधा माळवदाचें असे. त्याची रचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर अवलंबून आहे. दख्खनच्या पठारावर काळा दगड मुबलक, लाकूड मात्र दुर्मिळ. म्हणून भिंती दगडाच्या. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर, आंतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळींत बारीक दगड व माती. अशी ती भिंत दोन ते चार फूट रुंद होई. चुन्याचा सांधा श्रीमंताच्या घरीं, बाकीच्यांच्या घरीं चिखलाचा. आंतून लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण, आणि घराचें माप फुटांत न सांगतां खणांत सांगावयाचें, असा रिवाज. फळ्यांवर मातीचा जाड, सपाट थर घालीत. त्यांत वरची माती गांवच्या पांढरीची, कारण ती पाणी सहसा आंत मुरूं देत नाहीं. छपराला किंचित् उतार आणि कडेला पन्हळ. झालें माळवद.

हें घर मूर्खपणानें बांधलेलें नव्हतें. वैशाखांत उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हां जाड भिंत आणि मातीचें छप्पर यांच्या आंत दुपारीं गारवा राहतो. चोर-दरोडेखोरांचें भय होतें, तेव्हां रुंद भिंत आणि अरुंद खिडकी यांचाच आधार. भिंतीच्या पोटांत धान्याच्या बळदी असत, त्यामुळें दुष्काळाच्या वर्षीं घर हेंच कोठार होई. माळवदाच्या सपाटीवर उन्हाळ्यांत अंथरुणें पडत, दिवसा मिरच्या, डाळी आणि कुरडया वाळत. ही सपाटी स्त्रियांचें अंगण होती. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर बोलणें चाले, वाटी-दोन वाट्यांची देवघेव होई, आणि रस्त्यावर न उतरतां गल्लींतल्या सुखदुःखाची वार्ता घरोघर पोचे.

या छपराची निगा दर वर्षीं ठेवावी लागे. मृगापूर्वीं पांढरीची माती आणून वर पसरावयाची आणि बडवून बसवावयाची. घर गळूं नये म्हणून घेतलेली ही काळजी प्रत्येक पावसाळ्यापूर्वीं थोडें नवें ओझें तुळयांवर ठेवीत असे. बापानें घातलेली माती काढून मग मुलानें आपली घालावी, असें क्वचितच घडे. एक फुटाचा थर दोन फुटांचा होई, कोठें त्याहूनही जाड. ओझें वाढत आहे हें कोणाच्या लक्षांत येत नसे, कारण घर गळत नव्हतें.

आगगाडी आली आणि या स्थिर व्यवस्थेला बाजाराचा पर्याय मिळाला. लोहमार्गालगतच्या गांवांत जुन्या वस्तीपासून थोडी दूर, स्टेशनच्या बाजूला, दुसरी वस्ती वाढूं लागली. तेथें व्यापाऱ्यांचा मोंढा, वखारी, सरकी काढण्याचे कारखाने, आणि त्यांच्या आश्रयानें राहणारे मुनीम, हमाल व कारकून. येथील घर वडिलांकडून मिळत नसे. तें भाड्यानें किंवा खरेदीनें घ्यावें लागे. गाडीच्या वाघिणींतून पत्रे आले, मंगळुरी कौलें आलीं, शहाबादी फरशी आली. त्यांतून विटांच्या भिंतीचें, हलक्या छपराचें, रस्त्याकडे तोंड असलेलें नवें घर उभें राहिलें. थोडी शिल्लक गांठीं असलेल्या कुटुंबापुढें आतां खरोखरीच दोन घरें होतीं : एक जुन्या वस्तींतलें माळवद, दुसरें स्टेशनकडचें पत्र्याचें.

या ठिकाणीं पतिपत्नींचे हिशेब प्रथमच वेगळे झाले. पुरुषाचा हिशेब बाजाराचा. दुकान किती पावलांवर, रस्ता बैलगाडी वळण्याइतका रुंद आहे कीं नाहीं, एखादी खोली भाड्यानें देतां येईल कीं नाहीं, चतुःसीमा निर्वेध आहेत कीं नाहींत. स्त्रीचा हिशेब दिवसाचा. पाण्याची विहीर किती दूर, आणि ती आपल्या जातीला खुली आहे कीं नाहीं. चुलीचा धूर कोठून जाईल. बाळंतिणीला आडोशाची खोली कोणती. पापड-कुरडया वाळत घालावयाच्या कोठें. आणि रात्रीं अपरात्रीं हांक मारली तर ‘ओ’ देणारें शेजारी कोण. पत्र्याच्या घरीं दरवर्षीं माती घालण्याचें कष्ट वांचत, पण चैत्र लागतांच तेथें दुपार काढणें कठीण होई, आणि माळवदावरचें तिचें अंगण तर कायमचें जाई. माळवदांत गारवा होता, पण उजेड कमी, धूर फार आणि सासरच्या साऱ्या भाऊबंदांची नजर. स्टेशनकडच्या घरीं नवराबायको आणि त्यांचीं मुलें एवढाच संसार मांडतां येई. आणि ही गोष्ट मोठ्यानें कोणी बोलत नसलें तरी पुष्कळ घरांत तिचें वजन पडत असे.

निर्णय कोणताही झाला तरी त्याचा कागद मात्र एकट्या पुरुषाच्या नांवानें होई. हैदराबाद संस्थानांत सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. घरांत मराठी किंवा तेलुगु बोलणाऱ्या कुटुंबाला आपल्याच घराचा दस्त दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. त्या काळीं स्त्रियांत साक्षरता फारच थोडी, तेव्हां गृहिणीला तो कागद दोन वेळां अनोळखी : एकदां लिपीमुळें आणि एकदां त्यांत तिचें नांव नसल्यामुळें. वास्तविक किंमतीच्या रकमेंत तिचा वाटा बहुधा असेच. पाटल्या, सरी किंवा गोठ सोनाराकडे गेल्याशिवाय मध्यम स्थितींतल्या कुटुंबाचें घर क्वचितच पुरें होई. स्त्रीधन हें शास्त्रानें तिचें. पण तें एकदां भिंतींत गेलें कीं परत मागण्याची सोय नसे. सोन्यावर तिची मालकी होती, त्याच सोन्यानें घेतलेल्या घरावर नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३७ सालीं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतींत हिस्सा देणारा कायदा झाला, पण तोही हयातीपुरता आणि मर्यादित हक्काचा. घर विकण्याचा पूर्ण अधिकार त्यानें तिच्या हातीं आला नाहीं.

त्यानंतर घराच्या हिशेबांत बाजाराच्या जागीं भय आलें. १९४७ आणि १९४८ या वर्षांत हैदराबाद संस्थानांत मुक्तिसंग्राम चालू असतां रझाकारांच्या अत्याचारांमुळें नांदेड भागांतील पुष्कळ कुटुंबें सीमा ओलांडून वऱ्हाडांत व अन्यत्र गेलीं. धर्माबादच्या शेजारचें उमरी हें गांव याच संग्रामांत, ३० जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्यसैनिकांनीं तेथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळें, इतिहासांत नोंदलें गेलें. अशा दिवसांत कोणतें घर चांगलें, या प्रश्नाचा अर्थच पालटला. जाड भिंत, एकच मजबूत दार, मागच्या गल्लींत निघणारी वाट, या गोष्टींना पुन्हां मोल आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानाचा लढा संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. मात्र भय सर्वांचें एकदमच संपलें नाहीं. १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, तेव्हां गांवाबाहेरच्या वस्तींत राहणाऱ्या कुटुंबांना घर म्हणजे प्रथम जीव वांचविण्याची जागा, हेंच पुन्हां आठवावें लागलें. त्यांतल्या अनेकांनीं शहराची वाट धरली.

कायद्यानें मात्र याच अवधींत एक मोठें पाऊल टाकलें होतें. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानें स्त्रीच्या ताब्यांतील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. वीस वर्षांपूर्वींचा हयातीपुरता हक्क आतां कायमचा झाला. परंतु कायदा बदलला तरी खरेदीच्या वेळीं नांव कोणाचें लिहावयाचें, ही रीति तशीच राहिली. कचेरींत जाणारा तो, बयाणा देणारा तो, सही करणारा तो. आणि घर पाहावयास तिला न्यावें ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सौदा ठरल्यानंतरच सुचे.

येथपर्यंत माळवदाचे गुणदोष माणसांनीं आपल्या अनुभवावरून तोलले होते. त्या तोलांत एक गोष्ट कधींच धरलेली नव्हती. ती उघड झाली धर्माबादेपासून दूर, मराठवाड्याच्या दक्षिणेस, लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां, औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां घरीं येऊन झोपले होते. सरकारी नोंदी सुमारें आठ हजार मृत्यु सांगतात, आणि इतर अंदाज त्याहून पुष्कळ पुढें जातात. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ मोजली गेली. जगांत याहून मोठे धक्के अनेक झाले आहेत, पण इतक्या तीव्रतेच्या धक्क्यानें एवढी प्राणहानि क्वचित् झाली असेल. त्या वेळच्या भूकंप-नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. लोकांनीं जें भय धरलें नाहीं, तें शास्त्रज्ञांनींही धरलेलें नव्हतें.

माणसें जमिनीनें मारलीं नाहींत. तीं घरांखालीं सांपडलीं. दोन पदरी दगडी भिंतींत आंतला पदर बाहेरच्या पदराशीं बांधणारे आरपार दगड नव्हते. धक्क्यासरशीं दोन्ही पदर वेगळे झाले, मधला चुरा खालीं बसला आणि भिंत फुटली. वर पिढ्यान् पिढ्यांची माती होती, ती तुळयांसह खालीं आली. ज्या थरानें उन्हाळ्यांत गारवा दिला आणि पावसाळ्यांत ओल अडविली, त्याच थराखालीं झोपलेलीं माणसें गुदमरलीं.

परंतु पडझडीची पाहणी झाली तेव्हां एक वेगळी गोष्टही दिसून आली. ज्या घरांत छपराचा भार भिंतींवर न टाकतां लाकडी खांबांवर नीट तोललेला होता, तेथें अनेक ठिकाणीं भिंती बाहेर कोसळल्या, पण सांगाडा उभा राहिला आणि आंतलीं माणसें वांचलीं. खणांचें जुनें घर हेंच एकंदरींत अधिक टिकलें. लाकूड महाग झालें तसे खांब कमी झाले होते आणि भिंतीच भार घेऊं लागल्या होत्या. दोष तेथें शिरला होता. दगड वाईट नव्हता, मातीही वाईट नव्हती. सांधा वाईट होता आणि ओझें अति झालें होतें. पण ज्यांनीं आपलीं माणसें दगडाखालून काढलीं, त्यांना हा भेद पटविणें सोपें नव्हतें. मराठवाड्यांत त्या वर्षापासून दगडाच्या घरावरचा विश्वास उडाला.

त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत या प्रदेशांतील असंख्य कुटुंबांना घराच्या निवडीला तोंड द्यावें लागलें. जागतिक बँकेच्या साहाय्यानें महाराष्ट्र सरकारनें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. ज्या गांवांची पूर्ण वाताहत झाली होती, अशीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथील घरांचीं मापें जमिनीवरून ठरविलीं गेलीं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीनवाल्यांना ७५० चौरस फूट. सरकारी हिशेबाला ही रीति सोपी होती. पण जमीन पुरुषाच्या नांवावर, त्यामुळें घराचें मापही त्याच्या सातबाऱ्यावरून निघालें. घरांत माणसें किती आणि बाळंतिणी किती, हा प्रश्न त्या मापांत आला नाहीं.

नव्या गांवांत सरळ रुंद रस्ते आले, घराघरांत मोकळी जागा आली, भक्कम छपरें आलीं. मुलांना निर्भयपणें झोपतां आलें, ही गोष्ट लहान नव्हे. तरी पण जुन्या गल्लींतल्या भिंतीला भिंत लागलेल्या शेजाराचा येथें वियोग झाला. गांव पूर्वींच्या कित्येक पटींनीं पसरलें. देऊळ, विहीर, दुकान आणि शेत यांतलीं अंतरें वाढलीं. गुरें बांधावयाचीं कोठें, कडबा ठेवावयाचा कोठें, धान्याची बळद कोठें, या प्रश्नांना शहरी नमुन्याच्या त्या घरांत उत्तर नव्हतें. पुढील वर्षांत रहिवाशांनीं त्यांत पडव्या काढल्या, कुडाच्या चुली बाहेर मांडल्या, अंगणाला भिंती घातल्या. कागदावर दिलेलें घर हळूहळू राहण्याचें घर झालें, आणि तें करतांना जुन्या वाड्याच्याच आठवणी उपयोगी पडल्या.

याहूनही बोधप्रद प्रसंग ज्यांचीं घरें अर्धवट पडलीं होतीं त्यांचा. अशीं घरें जवळजवळ दोन लाख होतीं, आणि तीं दुरुस्त करावयाचीं तर कुटुंबांनीं स्वतः, सरकारी मदतीच्या हप्त्यांवर. येथें प्रत्येक दांपत्यापुढें सरळ प्रश्न उभा राहिला. जुन्या माळवदाची माती उतरवून, भिंतींत आरपार बंध घालून, खांब-तुळयांचे सांधे तिरक्या लाकडांनीं पक्के करून तेंच घर सुरक्षित करावें? कीं त्याच पैशांत शेजारीं विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधावी? अभियंत्यांच्या दृष्टीनें पहिला मार्ग पुष्कळ वेळां स्वस्त आणि पुरता होता, कारण त्यानें सबंध घर सुधारे. परंतु बहुसंख्य कुटुंबांनीं दुसरा मार्ग पत्करला. नवी खोली डोळ्यांना दिसते, दुरुस्ती दिसत नाहीं. शिवाय ज्या छताखालीं एकदां धूळ आणि आक्रोश ऐकला, त्याखालीं रात्र काढण्याचें धैर्य बांधकामाच्या पुस्तकांतून येत नाहीं. पुष्कळ घरांत असें झालें कीं झोपावयास नवी खोली, आणि चूल, धान्य व दिवसभराचें काम जुन्याच माळवदाखालीं. म्हणजे पुरुष शेतावर असतां, स्त्री आणि लहान मुलें दिवसाचा अधिक काळ धोक्याच्याच छताखालीं राहिलीं. निवड केली ती रात्रीची. दिवसाचा हिशेब राहूनच गेला.

तो हिशेब मांडण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न याच कार्यक्रमांत झाला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानें हजाराहून अधिक गांवांत स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें. मदतीचा हप्ता केव्हां मिळतो, त्यासाठीं कोणतें काम पुरें व्हावें लागतें, दरवाजाच्या वर चारी भिंतींना वेढणारा पट्टा कां हवा, आरपार दगड म्हणजे काय, या गोष्टी त्यांनीं प्रथम स्वतः समजून घेतल्या आणि मग गांवच्या स्त्रियांना समजाविल्या. गवंड्याला प्रश्न विचारणें हें जिला पूर्वीं मर्यादेबाहेरचें वाटे, तीच आतां पट्ट्यांतली सळई झांकण्यापूर्वीं ती पाहूं लागली. घर कसें उभें राहतें हें ज्ञान मराठवाड्यांत प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर चुलीपर्यंत पोचलें. हे गट पुढें बचतीच्या आणि इतर कामांसाठींही टिकले, हें त्या प्रयत्नाच्या यशाचें चांगलें प्रमाण होय.

कागदाच्या बाजूनेंही गोष्टी हळूहळू पालटल्या. १९९४ सालीं महाराष्ट्रानें महिला धोरण जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं राज्यांत मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती अंमलांत आली. २००५ सालीं ती सर्व देशाला लागू झाली. सरकारी घरकुलांच्या योजनांत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नांवें देण्याचा दंडक आला. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रांत स्त्रीच्या नांवें घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा एकाची सवलत सुरू झाली. या सवलतीनें दांपत्यांपुढें एक नवाच पेंच टाकला, कारण ती केवळ स्त्री-खरेदीदारांसाठीं ठेवली गेली. नवऱ्याचें नांव जोडलें कीं ती गेली. थोडे पैसे वांचवून घर एकट्या पत्नीच्या नांवें करावें, कीं पूर्ण शुल्क भरून दोघांच्या नांवें, हा विचार दस्त लिहिण्यापूर्वीं पतिपत्नींना समोरासमोर बसून करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीं जिचें सोनें घेऊनही जिचें नांव घेतलें जात नव्हतें, तिच्या नांवाविषयीं आज घरांत बोलणें निघतें, हा फरक लहान नाहीं.

यावरून सर्व प्रश्न सुटले असें समजूं नये. पुष्कळ ठिकाणीं स्त्रीचें नांव केवळ सवलतीपुरतें लागतें आणि व्यवहार पूर्वींसारखाच चालतो. शिवाय घराच्या निवडींतील जुनी कसोटी पुन्हां पुढें आली आहे, ती पाण्याची. एप्रिल २०१६ मध्यें दुष्काळानें लातूर शहराचे नळ कोरडे पडले, आणि मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. बाजार आणि पत्रे घेऊन आलेली गाडी शतकानंतर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यांत कोणत्या गल्लींत टँकर येतो, कोणत्या इमारतीच्या कूपनलिकेला पाणी आहे, यावर घरांचें मोल ठरलें. हा प्रश्न गृहिणी पिढ्यान् पिढ्या विचारीत आली होती. बाजारानें तो उशिरां ऐकला.

या साऱ्या इतिहासांतून एक गोष्ट ठळकपणें दिसते. मराठवाड्यांतील माणसानें घर निवडतांना बहुधा मागच्या संकटाचा विचार केला. उन्हाचा अनुभव आला म्हणून भिंत जाड केली, चोरांचा आला म्हणून खिडकी लहान केली, गळतीचा आला म्हणून माती वाढविली, आणि भूकंपाचा आला म्हणून दगड टाकून दिला. प्रत्येक वेळीं कारण खरें होतें, पण हिशेब एकांगी होता. तो एकांगी राहण्याचें एक मोठें कारण असें कीं घराची खरेदी ज्याच्या हातीं होती तो घराबाहेर अधिक राही, आणि जी घरांत अधिक राही तिला खरेदींत विचारीत नसत. भिंतीला पडलेली पहिली चीर बहुधा तिच्याच दृष्टीस पडते. तुळई वांकली तर खालीं झाडतांना माती तिलाच दिसते. ओल कोणत्या कोपऱ्यांत येते, धूर कोठें कोंडतो, पाणी किती वाजतां जातें, याची नोंद कोणत्याही दस्तांत नसते. तिच्याजवळ मात्र ती तोंडपाठ असते.

आज धर्माबादेंत, नांदेडास किंवा लातुरास एखादें दांपत्य दोन घरांमध्यें निवड करीत असेल, तर त्यांना जुन्यांपेक्षां अधिक साधनें उपलब्ध आहेत. जमिनीचा कागद मराठींत वाचतां येतो, भूकंपाचा पट्टा नकाशांत पाहतां येतो. २००२ च्या नकाशानें तर सर्वांत कमी धोक्याचा तो जुना पट्टाच रद्द करून टाकला. अभियंत्याला विचारतां येतें कीं या छताचें ओझें कोण घेतो, भिंत कीं खांब. पण ही साधनें पुरीं उपयोगी पडण्यास दोघांनींही घर पाहिलें पाहिजे, आणि दोन वेळां पाहिलें पाहिजे : एकदां सौद्याच्या घाईंत, आणि एकदां भर दुपारीं, नळ सोडून, चूल पेटवावयाच्या जागीं उभें राहून. त्यानंतर दस्तावर नांव कोणाचें, हा प्रश्न उरतो. तोही त्याच बैठकींत, बयाणा देण्यापूर्वीं सुटलेला बरा.